आईच्या मागून येणारा आवाज

ती. बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी मजेत आहे, फक्त स्वयंपाक अजून नशिबावर सोडलेला असतो. तुमचा गुडघा काय म्हणतो?

इथे दवाखान्यात मी वयस्कर माणसांची स्मरणशक्ती तपासते. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगते, घड्याळ काढायला लावते, मग तेच शब्द पुन्हा विचारते. काल एक शिंपीकाका आले होते. मी काहीही विचारलं की शेजारी बसलेल्या काकूच हळूच उत्तर सांगायच्या. त्यांना बाहेर बसायला सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो, लाजाळू आहेत ते. जन्मभर मीच बोलत आलेय."

त्या गेल्यावर काकांनी घड्याळाचे सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. शब्द एकही आठवला नाही.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माहीत होतं गं. पण मी बोलत होते तोवर ते खरं नव्हतं."

बाबा, फोनवर आई अडखळली की मागून तुम्ही शब्द पुरवता. मला ऐकू येतं.

रागावू नका. यात कुणी नापास होत नाही, आणि कधीकधी औषधाने बरं होणारं साधं कारणही निघतं. डॉक्टरांची वेळ घ्या. मी रजा टाकली आहे. आई आत गेली की बाहेरच्या बाकावर तुम्ही एकटे बसायचं नाही.

तुमची लाडकी,
बडबडी