निसटलेली रॅकेट

३ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. खरी हकिकत कुठेतरी लिहिलेली असावी म्हणून. क्लबात जे बोललं जातंय ते ऐकून कान किटले.

हकिकत अशी. सकाळी बॅडमिंटन डबल्सची सेमीफायनल. मी आणि माझा पार्टनर (कापडदुकानवाला, माणूस सज्जन, बॅकहँड भिकार). मॅच पॉइंट आमचा. मी मारलेलं शटल रेषेवर पडलं. क्लबात लाइनमन नसतात, उंच खुर्चीवरचा अंपायरच सगळं बघतो. खुर्चीवर आज दातांचे डॉक्टर. म्हणाले, बाहेर. मी नम्रपणे विचारलं की डॉक्टर, चष्मा घरी राहिला का. तीन-चार वेळा विचारलं. पार्टनर म्हणतो पार्किंगपर्यंत ऐकू गेलं. हॉल घुमतो, त्याला मी काय करणार?

त्यानंतर हाताला घाम आल्यामुळे रॅकेट निसटली आणि डॉक्टरांच्या तोंडावर लागली. समोरच्या दाताचा तुकडा पडला. तो त्यांनी स्वतःच शोधून रुमालात बांधला. धंद्याची सवय.

बायकोचं म्हणणं, निसटलेली वस्तू खाली पडते, वर जात नाही. तिने कॉलेजात सायन्स घेतलं होतं, त्याचे हे परिणाम.

५ मार्च, मंगळवार
कमिटी बसली. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे मला उभंच ठेवलं. शिक्षा: सहा महिने खेळायचं नाही. शिवाय क्लबची जुनी रीत: जो अंपायरच्या अंगावर जाईल त्याने बंदी संपेपर्यंत दर रविवारी अंपायरच्या खुर्चीवर बसायचं. वरून कसं दिसतं ते त्याला कळावं म्हणून.

सहा महिने! एका शटलसाठी!

डॉक्टर तोंडाला रुमाल लावून म्हणाले की यांनी 'मी फेकली, चुकलं' एवढं म्हटलं तर निम्मी माफ करा, माझी हरकत नाही. क्लबात तशी सवलत आहे. म्हणजे घामाचा दोष मी माझ्या अंगावर घ्यायचा. मी सांगितलं, मला खोटं बोलता येत नाही.

६ मार्च, बुधवार
ऑफिस. वीजबिलाच्या तक्रारी फोनवर ऐकणं हे माझं काम. दिवसभर लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि मी म्हणतो, 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.' अशा माणसाला हिंसक म्हणायचं?

जेवणाच्या सुट्टीत विषयाचा अभ्यास केला. टेनिसमधले मोठमोठे खेळाडू रॅकेट आपटून तिचा भुगा करतात. दंड होतो. त्या दंडात त्यांच्या बुटाची नाडीही येत नसेल. दुसऱ्या दिवशी परत कोर्टावर, वर टाळ्या. बर्फावरच्या हॉकीत तर एकमेकांना बुकलून काढतात, मग थोडा वेळ बाजूला बसवतात आणि परत आत घेतात. आणि मी? मला खेळाचे पैसे मिळत नाहीत, मीच वर्गणी भरतो. माझा रविवार हीच माझी सगळी मिळकत, ती काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या की ते लोक अंपायरचे दात पाडत नाहीत. पूर्ण दात नव्हता. तुकडा होता. लोकांना बारकावे नको असतात.

शिवाय मी नेम धरून फेकली असती तर डॉक्टरांना लागलीच नसती. माझा नेम क्लबात सगळ्यांना माहीत आहे. हा मुद्दा कमिटीपुढे मांडायचा राहिला.

८ मार्च, शुक्रवार
संकल्प: राग बंद. दीर्घ श्वास. सकाळी कोमट पाणी.

संध्याकाळी टीव्हीचा रिमोट चालेना. शांतपणे सेल बदलले. तरी चालेना. मग रिमोट निसटला. भिंतीचा पोपडा निघाला, पण तो निघायलाच आला होता. लेक (वय पंधरा, खेळात माझ्यावर गेली आहे) अभ्यासाच्या टेबलावरून बघत होती. उठली, रिमोटचे तुकडे गोळा केले, परत बसली. समंजस आहे.

१० मार्च, रविवार
खुर्चीवर पहिला दिवस. मान खाली घालून गेलो होतो, पण वर चढलो आणि काय सांगू! सगळं कसं स्वच्छ दिसतं. कोण कुठे चुकतो, कोण तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतो. आणि कुणाला उलटून बोलायची सोय नाही.

पार्टनरच्या सर्व्हिसला तीनदा फॉल्ट दिला. त्याने माझ्याकडे बघितलं. बघण्याबद्दल ताकीद दिली.

शिक्षा म्हणून दिलेली जागा माणूस कर्तृत्वाने मानाची करतो.

२४ मार्च, रविवार
खेळाडूंमध्ये राग फार. आज एकाने पॉइंट गेल्यावर मांडीवर थाप मारली. उघड हिंसा. मांडी स्वतःची असली म्हणून काय झालं? ताकीद. दुसऱ्याने शटल पायाने सरकवलं. हॉलबाहेर काढलं. तो जाताना म्हणाला की दात पाडणाऱ्याने शिकवू नये. त्याला पुढच्या रविवारीही बंदी.

डॉक्टर भेटले. दातावर कॅप बसवली आहे, छान दिसते. आधीपेक्षा बरीच म्हणता येईल. त्यांनी आभार मानले नाहीत, मीही आठवण करून दिली नाही.

७ एप्रिल, रविवार
'शिस्तसंहिता' लिहून पूर्ण. तीन रात्री खपलो. सेक्रेटरींनी वाचली, मिशीतल्या मिशीत हसले, आणि नोटीस बोर्डावर लावली. मुख्य कलम असं: रॅकेट फेकल्यास एक वर्ष बंदी. 'हातातून निसटली' ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. हल्ली कोणीही उठतो आणि निसटली म्हणतो. घाम सगळ्यांनाच येतो.

बायकोने विचारलं की मग तुमचं काय. तिला समजावलं की माझी केस संहितेच्या आधीची आहे आणि मुळात खरी आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

२१ एप्रिल, रविवार
हॉलमध्ये कमालीची शांतता. एकही वाद नाही, आरडाओरडा नाही. संहितेचा विजय.

चारच जण खेळायला आले होते, त्यातले दोघे चुकून.

५ मे, रविवार
लेकीची निवड चाचणी पुढच्या रविवारी. ज्युनियर टीममध्ये एकच जागा, आणि गाठ दुसऱ्या क्लबच्या एका उंच मुलीशी. लेक वर्षभर पहाटे उठून धावते आहे. आम्ही उठायच्या आत दूध पिऊन गेलेली असते. मी तिला कधी सांगितलं नाही, पण जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आला की मला फार बरं वाटतं. मग परत झोपतो.

तिने आईकडून निरोप पाठवला की त्या दिवशी बाबांनी खुर्चीवर बसू नये. सेक्रेटरीही म्हणाले, एक दिवस डॉक्टर बसतील. दोघांनाही नकार दिला. न्यायाला नातं नसतं. बाप खुर्चीवर असूनही मुलगी जिंकली तर तिचीच शान वाढेल. हे तिला आज कळणार नाही.

१२ मे, रविवार, दुपार
आधी सगळं क्रमाने लिहितो, मग जेवतो.

हॉल भरला होता. दुसऱ्या क्लबचे लोक माझ्याकडे बघून कुजबुजत होते. त्यांना दाखवून द्यायचं ठरवलं. पहिल्या गेममध्ये लेकीच्या सर्व्हिसला दोन फॉल्ट दिले. द्यायलाच हवे होते असं नाही, पण दिल्याने चांगलं दिसलं. तो गेम गेला. दुसरा तिने ओढून आणला. काय खेळली! मला टाळ्या वाजवायच्या होत्या. खुर्चीचा दांडा धरून बसलो.

तिसरा गेम, शेवट जवळ. तिचा एक स्मॅश कोपऱ्यात पडला. मला आत वाटला. मग वाटलं, बाप म्हणून आत वाटत असेल. म्हणून बाहेर दिला.

लेकीने माझ्याकडे बघितलं. ताकीद दिली.

मग रॅकेट आली. माझ्याकडे नाही. नेटवरून पलीकडे गेली आणि त्या उंच मुलीच्या घोट्यावर लागली. मुलगी खाली बसली.

मी ताबडतोब निर्णय दिला. हाताला घाम आल्यामुळे रॅकेट निसटली आहे, खेळ पुढे चालू.

आधी मागून कुणीतरी हसलं. मग सगळा हॉल हसला. पार्टनर सज्जन माणूस, पण तोही हसला.

लेक हसली नाही. नेटजवळ उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण हॉल घुमतो.

"निसटली नाही, बाबा. मी फेकली."

नेटखालून पलीकडे गेली, त्या मुलीचा घोटा बघितला, तिला बाकापर्यंत धरून नेलं. मग सेक्रेटरींपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बोर्डावरचं मी वाचलंय. एक वर्ष ना?"

जेवायची इच्छा नाही.

१४ मे, मंगळवार
कमिटी. मी लेकीच्या बाजूने बोललो. अर्धा तास मुद्देसूद. म्हटलं, एक वर्ष म्हणजे अन्याय आहे. पंधरा वर्षांच्या पोरीचं एक वर्ष आणि आपलं एक वर्ष सारखं नसतं. रागामागे कारण असतं. कोणी आधी डिवचलं ते बघा. शिक्षा फेकणाऱ्याला आणि डिवचणारा मोकळा, हा कुठला न्याय? अंपायर जर धडधडीत चूक देत असेल तर खेळाडूने करायचं काय?

सेक्रेटरींनी विचारलं, अंपायर कोण होता.

मी पाणी प्यायलो.

डॉक्टर म्हणाले की मूळ नियम सहा महिन्यांचाच आहे, बोर्डावरचा कागद कमिटीने कधी मंजूर केलेला नाही. तो गंमत म्हणून लावला होता. (ही माहिती मला नवीन.) आणि मुलीने स्वतःहून कबूल केलं आहे, तेव्हा निम्मी माफ. तीन महिने. सगळ्यांनी हात वर केले. टीममधली जागा अर्थातच उंच मुलीला गेली. लेकीने ऐकलं आणि मान हलवली. रडली नाही. दाराशी जाऊन बुटाची नाडी बांधत बसली, बराच वेळ.

मला फार वाईट वाटलं. हे मी कुणापाशी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुमची सवलत अजून शिल्लक आहे, एकच वाक्य तर बोलायचंय. मी म्हटलं, विचार करतो. पण घाम आला होता, हे मात्र खरं आहे.

१९ मे, रविवार
आनंदाची बातमी. कमिटीने मला खुर्चीच्या शिक्षेतून मुक्त केलं. अर्ज न करता! माझ्या कामाची दखल घेतली असणार. सेक्रेटरींच्या म्हणण्याप्रमाणे कारण असं की मी वर असलो की खाली कोणी येत नाही. विनोदी स्वभाव आहे त्यांचा.

लेकीला विचारलं की माझ्यावर रागावलीस का. ती अतिशय सभ्यपणे म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

बायको तोंडावर पदर धरून आत गेली. हसत होती की काय ते कळलं नाही.

९ जून, रविवार
लेक पहाटे धावायला जातेच आहे. बंदी असूनही. कशासाठी, विचारलं नाही.

आज घरात कोणी नसताना बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिलो. सहज, बोलून बघावं म्हणून. 'मी' पर्यंत आलं. पुढे ठसका लागला. कोमट पाणी प्यायलो.

तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या परत बघू.

१४ जुलै, रविवार
टीव्हीवर सामना. एका खेळाडूने रागाने रॅकेट प्रेक्षकांत भिरकावली. मग कॅमेऱ्यासमोर म्हणाला, हातातून सुटली. मी आणि लेक दोघेच बसलो होतो. मी म्हटलं, याला कडक शिक्षा व्हायला हवी, किती धडधडीत खोटं बोलतो आहे बघ.

लेकीने टीव्हीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. आज ताकीद द्यायची सोय नव्हती.

१८ ऑगस्ट, रविवार
लेकीची बंदी संपली. आज पहिला सामना, त्याच उंच मुलीशी. दोघींची आता चांगली मैत्री आहे, ती मुलगी शनिवारी घरी आली होती. मला नमस्कार केला आणि दोन पावलं मागे सरकली.

अंपायर डॉक्टर.

मी सकाळपासून तयार. धुतलेला शर्ट, दाढी. मनात ठरवून टाकलं होतं की मागच्या बाकावर बसायचं, एक शब्द बोलायचा नाही, चुकीचा निर्णय दिला तरी नाही. सामना संपल्यावर डॉक्टरांना जाता जाता गाठायचं आणि ते वाक्य, जमलं तर, बोलायचं. बूट चढवत होतो तेवढ्यात लेक किट घेऊन बाहेर आली. दारात थांबली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, तू येतेस ना?"

बायको पर्स घेऊन आली. माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघी गेल्या.

मी नाड्या सोडल्या आणि बूट जागेवर ठेवले. फेकले नाहीत. बघायला कोणी नव्हतं.