डाव्या बाजूची रिकामी जागा

ओर्हूस, ७ मार्च १९७१

ती. बोडिलताईस,
आस्गरचा सा. न. वि. वि.

तुमच्या क्लबाच्या कारभाऱ्याने, हाल्फदानने, मला चांगलंच कामाला लावलंय. गावच्या फुटबॉल क्लबाला, क्लिटबी बोल्डक्लबला, यंदा पन्नास वर्षं होतात, तर क्लबाचा इतिहास मी लिहायचा म्हणे. का, तर मी शाळेत इतिहास शिकवतो! खेळातलं माझं कर्तृत्व तुला ठाऊकच आहे. एकदाच गोलात उभं केलं होतं, आणि चेंडू आला की मी डोळे मिटायचो. बाबा त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

कोळ्यांनी वाळूच्या टेकड्यांमागे मैदान कसं सपाट केलं, तिथून सुरुवात केलीय. पण ताई, आपल्या क्लबाची खरी ओळख म्हणजे ती दहा जणांची रीत. इथे ओर्हूसमध्ये कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. समुद्रात बुडालेल्या खेळाडूचा देह हाती लागला नाही, तर वसंतातल्या घरच्या पहिल्या सामन्याला झेंडा अर्ध्यावर ठेवायचा आणि दहा जणांनीच उतरायचं. त्याची जागा रिकामी. पाहुणेसुद्धा त्या बाजूने चेंडू नेत नाहीत. मग त्याच्या आईने नाहीतर बायकोने आपल्या हाताने झेंडा वर चढवला की अकरावा आत येतो, आणि ती जागा त्याची होते.

हे लिहिताना हात अडला. या महिनाअखेरीला तो सामना आहे, आणि या खेपेला जागा तुझ्या मुलाची, आपल्या ईवरची आहे. नोव्हेंबरात त्याची बोट बुडाली तेव्हापासून तू या विषयावर एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मी येऊ का? झेंड्याची दोरी एकटीने ओढू नकोस, एवढंच म्हणणं.

जेवत जा वेळेवर. पत्राची वाट बघतो.
तुझा,
आस्गर


क्लिटबी, ३० मार्च १९७१

चि. आस्गर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस अशी तार केली, कारण झेंडा मी चढवणारच नव्हते. हाल्फदान टोपी हातात धरून दारात उभा राहिला, अंगाला त्याच्या मासे धुरवायच्या भट्टीतल्या धुराचा वास. मी विचारलं, माझा मुलगा सापडला का? नाही म्हणाला. मग त्याची जागा दुसऱ्याला द्यायला कुठल्या तोंडाने आलास? ईवरचे वडील गेले तेव्हा मी मुकाट्याने माती दिली, थडग्यावर फुलं लावली. ईवरचं काय आलं हाती? बोटीची एक फळी. फळीसाठी मी झेंडा हलवणार नाही.

शेवटी अकरा जण तसेच उतरले. म्हातारी मंडळी कुजबुजली, पण माझ्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती. ईवरच्या जागी, लेफ्ट बॅकला, गुड्रूनचा मुलगा पाल्ले खेळला.

आता गंमत ऐक. ओस्टरमोसेचे शेतकरी पाहुणे होते. मध्यंतराच्या आधीच त्यांचा कप्तान पंचाच्या अंगावर धावून गेला, की हे लोक बारा जण खेळतायत. पंचाने आमची पोरं ओळीत उभी करून मोजली. अकरा. पुन्हा खेळ सुरू, पुन्हा तीच तक्रार. डावीकडे एक रुंद खांद्यांचा आहे म्हणे, केस ओले, कुणाशी बोलत नाही. पुन्हा मोजली. अकराच. हरायला लागलं की यांना काहीही दिसतं, म्हणून सगळे हसले. मी हसले नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

संघाचे कपडे अजून मीच धुते. सामन्याला लख्ख ऊन होतं, मैदान कोरडं ठणठणीत. बाकीचे शर्ट घामट होते, पण पाल्लेचा तीन नंबरचा पिळला तर बदाबदा पाणी. मी जिभेला लावून बघितलं. खारट आहे रे.

तुझ्या इतिहासात यातलं काही घालू नकोस. घरी एल्सेला आशीर्वाद सांग.
तुझी,
बोडिलताई


ओर्हूस, ८ एप्रिल १९७१

ती. बोडिलताईस,
सा. न. वि. वि.

घामसुद्धा खारटच असतो, आणि ओस्टरमोसेवाल्यांना शाळेत असल्यापासून मोजता येत नाही, असं झकास पत्र तुला लिहून ठेवलं होतं. ते फाडून टाकलं.

मध्येच लाऊस्टआजोबांना भेटायला गेलो होतो. आपल्या क्लबाचे पहिले गोलकीपर, इथे वृद्धाश्रमात असतात. जुन्या गमती सांगतील म्हणून गेलो. सांगितल्याही. पण दहा जणांच्या रीतीचा विषय काढला तेव्हा ही रीत एकदाच मोडली गेली म्हणाले. चौतीस साली. आने नावाची एक बाई होती, तिने मुलासाठी झेंडा चढवायला नकार दिला. पुढे प्रत्येक पाहुणा संघ बारा जणांची तक्रार करायचा, आणि मोजले की अकरा.

पहिल्यांदा गावाला मजा वाटली. मग आनेच्या मुलाच्या जागी खेळणारा पोरगा बदलायला लागला. सराव संपला की आनेकडे जायचा. तिथेच जेवायचा, पुढे तिथेच झोपायला लागला. शरद ऋतू येईपर्यंत त्याला स्वतःचं घर ओळखू येईना. आणि एका सामन्यात तो मध्येच मैदान सोडून चालू लागला. बूट घातलेले, तसाच टेकडीवरून किनाऱ्यावर, आणि पाण्यात. सगळ्यांनी त्याच्या नावाने हाका मारल्या, वळला नाही. आनेने स्वतःच्या मुलाच्या नावाने हाक मारली, तेव्हा वळला, तिच्याकडे बघून हात हलवला, आणि पुढे गेला.

जागा रीतसर रिकामी करून दिली नाही तर जाणारा जात नाही आणि येणारा उरत नाही, असं लाऊस्टआजोबा म्हणाले. सांगताना त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की अजून दुखतंय. मी या गोष्टी मानत नाही, तुला ठाऊक आहे. तरी ताई, पाल्लेकडे जरा बघ. मला भीती वाटतेय.

तुझा,
आस्गर


क्लिटबी, २० एप्रिल १९७१

चि. आस्गर यास,
अ. आ.

लाऊस्ट पहिल्यापासून थापाड्या. आणि तू एवढा शिकला-सवरलेला, त्याच्या नादी लागलास!

पाल्लेकडे बघ म्हणालास ना? बघितलं. रोज बघते. सराव संपला की इकडेच येतो. दार वाजवत नाही. टोपी ईवरच्या खुंटीला अडकवतो, आणि आमचं कुत्रं, जे पूर्वी त्याच्या पोटरीला चावलं होतं, ते त्याच्या पायावर मान टाकून झोपतं. परवा स्वयंपाकघरात उभा राहून विचारतो कसा, की इथला हिरवा रंग कुठे गेला? अरे, तो रंग ईवर शाळेत जायच्या आधीचा. तेव्हा पाल्ले जन्मला तरी होता का? हात मात्र बर्फासारखे गार असतात त्याचे. शेगडीजवळ बसवलं तरी गरम होत नाहीत.

काल त्याने मला आई म्हणून हाक मारली. अगदी सहज, बूट कुठे ठेवलेत ते विचारायला. मी ओ दिली.

गुड्रून गावभर रडत फिरतेय, पोराचं अंथरूण सकाळी ओलं असतं, त्यात वाळू असते म्हणून. तिला आणखी दोन मुलं आहेत, आस्गर. मला एकच होता. तू मला शहाणपण शिकवू नकोस.

बोडिल


ओर्हूस, २३ एप्रिल १९७१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिव्या घाल, पण हे शेवटपर्यंत वाच.

गुड्रूनला दोन असोत की दहा, पाल्ले तिचा आहे. आणि तू ओ दिलीस ती कुणाला? तो ईवर असेल, तर तू त्याला तिकडे गार पाण्यात ताटकळत उभं केलंयस, आणि दुसऱ्याचं लेकरू पांघरुणासारखं त्याच्या अंगावर ओढतेयस. आपला ईवर असा होता का गं? कुणाच्या वाटणीचा पावाचा तुकडासुद्धा त्याने कधी घेतला नाही.

परीक्षा आहेत, पंधरा मेपर्यंत सुटका नाही. तोवर त्या पोराला किनाऱ्यावर एकटं सोडू नकोस. मला तू हवी आहेस, आणि आनेसारखी नकोयस.

तुझा,
आस्गर


क्लिटबी, १० मे १९७१

चि. आस्गर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात नुसतं बोडिल लिहून मोकळी झाले, ते मनावर घेऊ नकोस. तुझी वाट बघत थांबले नाही, तेही.

गुरुवारी गुड्रून आली. पाल्लेचा स्वेटर घेऊन आली होती, थंडी आहे म्हणून. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. पण ती उंबऱ्यात नुसती उभी राहिली. पाल्ले माझ्या टेबलाशी बसलेला. त्याने तिच्याकडे नीट बघितलं, अदबीने उठून उभा राहिला, आणि मला विचारलं, आई, या कोण?

गुड्रूनचं तोंड मला बघवेना. नोव्हेंबरात माझं आरशात तसंच दिसत होतं.

मी तशीच उठले आणि हाल्फदानकडे गेले. रविवारी दहा जण उतरव म्हटलं. तो म्हणाला वसंतातला पहिला सामना होऊन गेला, आता फुटबॉल संघटनेला काय सांगू? म्हटलं, बोडिल वेडी झाली म्हणून सांग. त्याने माझा हात हातात घेतला. रडत होता मेला.

रविवारी झेंडा सकाळपासून अर्ध्यावर होता. पाल्ले मैदान सोडेना. आपल्या जागी पाय रोवून उभा, आणि डोळे समुद्राच्या दिशेला. चौघांनी धरून त्याला बाकावर आणलं, तो थरथर कापत होता. गुड्रूनने आपला कोट त्याच्या अंगावर टाकला, त्याने तो काढून टाकला. खेळ सुरू झाला. डावी बाजू मोकळी. मग वाऱ्याने एक उंच चेंडू तिकडे नेला. तिथे कुणीच नव्हतं, आस्गर, सगळ्या गावाने बघितलंय. चेंडू जमिनीला लागायच्या आत परत आला, थेट आमच्या पुढच्या खेळाडूच्या पायात. ईवर द्यायचा तसा. कुणी टाळी वाजवली नाही. पाहुणे जागच्या जागी थांबले, पंचाला शिट्टी वाजवायची सुधरेना.

मी दोरी धरली. ओढली, तर हलेना. वरून कुणी धरून ठेवावी तशी, आणि ओलीचिंब. हाल्फदान पुढे येत होता, त्याला हाताने थांबवलं. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू गेलं असणार, पण मला कशाची लाज नाही. म्हटलं, ईवर, बाळा, माझंच चुकलं. तुला मी घरी बोलावत राहिले. आता नाही बोलवत. फार छान खेळलास, जा आता.

लगेच काही झालं नाही. वाटलं, ऐकणार नाही हा. मग दोरी एकदम सैल पडली आणि झेंडा वर गेला. माणसांनी टोप्या काढल्या. पाल्लेने गुड्रूनला विचारलं म्हणे, की मी इथे बाकावर का बसलोय, आणि पळत जाऊन डावीकडे उभा राहिला. पाहुण्यांच्या कप्तानाने आपणहून आमची माणसं मोजली आणि मान डोलावली. मी त्याच्यामागे मोजली. पुन्हा मोजली. माझी मोजणी चुकावी असं मला फार वाटत होतं रे.

हरलो आपण. सामना संपल्यावर क्लबाच्या खोलीत कॉफीला सगळे जमले. किटली माझ्याकडे होती. पाल्ले आला, गाल लाल झालेले, हात गरम. बोडिलकाकू, मला पण द्या म्हणाला. काकू म्हणाला. मी कप भरला आणि हात तिथेच थांबला. हा पोरगा इतके दिवस माझ्या घरी जेवला-खाल्ला, पण पाल्ले कॉफीत दूध घेतो की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. त्यालाच विचारावं लागलं.

परीक्षा झाल्या की ये. घरात फार शांत आहे. माया आहे तशी असू दे.
तुझी,
बोडिलताई