एकच चादर

बुधवार, दिवेलागणीनंतर

आज ती कादंबरी सांगायलाच नको होती. अमेरिकेतल्या आमिश लोकांची प्रेमकथा आहे, वीज न वापरणाऱ्या, घोडागाडीतून फिरणाऱ्या माणसांची. मी मोबाइलवर वाचते आणि संध्याकाळी आईला आपल्या भाषेत सांगते. आप्पा ऐकत नाहीत, असं आम्ही दोघी धरून चालतो.

आज गोष्टीतली मुलगी माहेरी आली. परक्याशी लग्न केलं म्हणून वाळीत टाकलेली. तिला घरच्यांच्या पंगतीत बसता येत नाही. मग बापानं तिचं टेबल आपल्यापासून वीतभर दूर मांडलं आणि दोन्ही टेबलांवर एकच चादर अंथरली. तसा हट्टी, तोंडाचा फटकळ माणूस. तरी एकच चादर.

आप्पांना वाढता वाढता आई म्हणाली, "तेवढं तरी केलं त्यानं."

अक्कानं साताऱ्यात जातीबाहेर लग्न केल्यापासून या घरात तिचं नाव निघत नाही. आजही निघालं नाही. पण आप्पा ताटावरून उठले.

"आवं, दिस बुडाय आलाय. दोन घास तरी खावा."

"भूक न्हाई."

आणि दिवस बुडाला. जैनाच्या घरात मग कोण जेवतं? म्हणजे सकाळपर्यंत उपाशीच. आई ते ताट झाकून कितीतरी वेळ तिथंच बसून राहिली. वीतभर अंतर, एकच चादर. अक्कासाठी मला का नाही सुचलं हे कधी?

आत्ता अंधारात आप्पांनी विचारलं, "ती पोरगी जेवली का गं मग?"

"जेवली," मी म्हणाले.

पुस्तकात तीही ताटावरून उठून जाते.