पावणेतीन वीत

आबा, मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा हे अक्षर कुणाचं म्हणून दचकू नका. अक्षर माझ्या नातीचं आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि मी 'न्हाई' म्हटलं की ती परस्पर 'नाही' करून टाकते. तिला वाटतं म्हातारीला कळत नाही. मिशनची शाळा आपल्या शिरूरच्या घरासमोर होती आणि मी मात्र तुमच्या सुतारकीपाशी सरसाचं भांडं ढवळत बसले. त्याचा राग नाही. शिकले असते तर हे पत्र मी एकटीने लिहिलं असतं आणि चुलीत घातलं असतं, या पोरीला काही कळलंच नसतं. तिला कळायला हवं आहे. तिच्याकडे तोंड करून सांगायचा धीर होत नाही, म्हणून तुमच्याकडे तोंड करून बसले आहे.

दौंडच्या आमच्या घरावर पत्रा आहे. नात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. तिने इकडून तिकडून जुने भाग जमवून एक कॉम्प्युटर मांडला होता, लोखंडी डब्यातला. उन्हाळ्यात डबा असा तापायचा की दुपारी मशीन आपोआप बंद पडायचं. ती म्हणाली, "आजी, याचा जीव गुदमरतो. मी याला उघडा सांगाडा करते. नुसत्या ॲल्युमिनियमच्या दांड्या. बाजू न्हाईत, झाकण न्हाई." मी म्हटलं, "म्हंजी बिनभिंतीचं घर. तुझ्या बापाला सांग, आपलंबी तसंच करू, पत्रा तरी तापायचा न्हाई."

शिरूरकडच्या एमआयडीसीत कारखाने मशीनभोवती जाळीचे पिंजरे उभे करतात. पिंजरा मोडला की त्याच्या दांड्या शिरूरच्या भंगारात येतात. चौकोनी, हलक्या, चारी अंगांनी लांबलचक खाच असलेल्या. खाचेत नट सरकवायचा, कोपऱ्यावर कोनपट्टी लावायची आणि आवळायचं. खिळा नाही, सरस नाही, रंधा नाही. तुम्ही बघितल्या असत्या तर म्हणाला असतात, ही सुतारकी नव्हे, ही भातुकली.

माप मात्र भंगारवाल्याला आधी द्यायचं होतं. पोरीने सगळे भाग गोधडीवर ओळीने मांडले. हिरवी पाटी, विजेचा डबा, हार्ड डिस्क. मोजपट्टी तिच्या बापाने कामावर नेलेली. मी म्हटलं, "आण ती सुतळी." गोधडीवर हात टेकला, विती टाकल्या आणि सुतळीला गाठी मारल्या. लांबी पावणेतीन वीत. रुंदी एक वीत चार बोटं. उंची एक वीत. विचार केला नाही. भाकरी थापताना कुठं आपण विचार करतो? हात आपला चालला.

भंगारवाल्या चाचांनी सुतळी बघून तिला म्हणे दोनदा विचारलं, "बेटी, माप पक्कं हाय ना? कापल्यावर जोडून न्हाई मिळायचं." ही म्हणाली, "आज्जीचं हाय." चाचा म्हणाले, "मग कापतो." बारा तुकडे मांडीवर घेऊन एसटीने आली. कंडक्टर म्हणाला, "ताई, खिडकी हाय का खाट?" ही म्हणाली, "दोन्ही न्हाई."

जोडणी आम्ही दोघींनी केली. ती छोटी किल्ली फिरवायची, मी कोपरे धरायची. शेवटी मी तिला तुमची रीत दाखवली: एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची, मग दुसरीकडून ताणायची. दोन्ही सारखी भरली की पेटी गुण्यात, म्हणजे चारी कोपरे काटकोनात. सारखी भरली. आतले भाग ठेवले, तर एक दांडी हलवावी लागली नाही की एक भोक वाढवावं लागलं नाही. पोरगी बघतच राहिली. "आजी, एवढं बरोबर कसं काय बसलं? तू कधी कॉम्प्युटर बघितला तरी होतास?"

मी हसले. हसता हसता खाली बघितलं. सांगाडा जमिनीवर आडवा पडला होता. त्याला बाजू नव्हत्या, म्हणून ओळखायला उशीर लागला एवढंच. आबा, तुम्ही दाराच्या पायरीवरूनच ओळखला असता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी घरात मी एकटी होते. टळटळीत दुपार. लाईट गेलेली. पत्र्याच्या भोकातून एक कवडसा येतो, तो सरकत सरकत सांगाड्यात जाऊन बसला होता. बाहेर कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. तेवढ्यात लाईट आली, आणि कुणी हात न लावता आतला पंखा फिरायला लागला. एक हिरवा दिवा लागला. हार्ड डिस्क बारीक कुरकुरली. झोपेत बाळ चोखल्यासारखं करतं ना, रिकाम्या तोंडाने, तसा आवाज. मग थांबली. मग परत. मी भांडी घासायला उठले होते, ती कधी खाली बसले ते आठवत नाही. भानावर आले तेव्हा माझा हात सांगाड्याच्या कडेवर होता आणि मी त्याला थोपटत होते.

पोरगी आल्यावर तिला सांगितलं, तुझं मशीन आपोआप उठतं. म्हणाली, "तशी सेटिंग असते आजी. लाईट आली की चालू व्हायचं." असेल. मी म्हटलं, "हा सांगाडा चार बोटं आखूड कर." ती म्हणाली, "मग हार्ड डिस्क कुठं ठेवू? आणि कशापायी?" मी म्हटलं, "मी सांगते म्हणून." ती म्हणाली, "कारण सांग, मग कापते." तुमच्यावर गेली आहे. म्हणून म्हटलं, घे वही.

आबा, आपल्या ओसरीवर तुम्ही चर्चच्या मंडळीतल्या लोकांसाठी खाटा करायचात, पाळणे करायचात आणि मयताच्या पेट्याही करायचात. पेटीची सुतळी तुम्ही कधी ठेवली नाहीत, गेलेल्या माणसाबरोबर आत टाकायचात. मी सात-आठ वर्षांची असेन. धाकटा भाऊ दुपारचा निजला होता. मी खेळ म्हणून त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. तुम्ही रंधा खाली ठेवलात. मारलं नाहीत. माझ्या हातातून सुतळी घेतलीत, सरसाच्या चुलीत घातलीत आणि ती जळेपर्यंत उभे राहिलात. मग म्हणालात, "निजलेल्याचं माप घिऊ नये, पोरी. निजलेला आन् गेलेला, सुतळीला फरक कळत न्हाई." तुमचा आवाज चढला नव्हता. मला ताप भरला.

माझं पहिलं लेकरू दीड महिन्याचं होऊन गेलं, ते या पोरीला ऐकून माहीत आहे. आणि सगळ्यांना माहीत आहे तेच तिलाही माहीत आहे: तिच्या पणजोबांनी ते लेकरू जिवंत असतानाच डोळ्याने मापलं आणि पेटी करून ठेवली. लेकरू पहाटे गेलं. निरोप कुणी धाडला नव्हता. आणि दुपारच्या एसटीतून तुम्ही दौंडला उतरलात, काखेत चादरीत गुंडाळलेली पेटी. दारातल्या बायका मागे सरकल्या. सासूबाई म्हणाल्या, "व्याही, तुमाला कुणी सांगितलं?" तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "मला वाटलं. म्हून आणली."

एवढं बोललात आणि सगळं अंगावर घेतलंत. त्यानंतर शिरूरच्या बाया तुम्ही रस्त्याने निघालात की पोरं घरात ओढायच्या. पाळण्याचं काम तुमच्याकडे पुन्हा आलं नाही. एकही नाही. पाळकसाहेब जेवायला बोलवायचे, पण लेकरं आत निजवून. माझी आई सांगायची, रिकाम्या ओसरीवर तुम्ही लाकडाचा तोच तुकडा रंधत बसायचात, पापडाएवढा पातळ होईपर्यंत. आणि मी माहेरी यायची बंद झाले. लोक म्हणायचे, बापावर रुसली. बरोबरच आहे, म्हणायचे.

लिही पोरी, थांबू नको.

तुम्ही लेकरू बघायला आला होतात त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मला सांगितलं होतं, याचे फार दिवस नाहीत. मी घरात कुणाला बोलले नाही. आमच्या चाळीत शेजारणीचं लेकरू गेलं तेव्हा वेळेवर काही मिळालं नाही, फळांच्या खोक्यात नेलं. खोक्यावर पेरूचं चित्र होतं. मला रात्रंदिवस तेच पेरू दिसत होते. लेकरू मांडीवर निजलं होतं. मी हाताने मापलं. सुतळी घेतली नाही, तेवढी अक्कल ठेवली, पण हात काय आणि सुतळी काय. तुम्हाला एसटी स्टँडवर पोचवायला आले आणि गाडी सुटता सुटता खिडकीशी म्हणाले, "आबा, पावणेतीन वीत. चार बोटं सैल धरलीत त्यात." तुम्ही माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघितलंत. मग गाडी हलली. पण लेकरू गेलं नेमके त्याच दिवशी पेटी घेऊन कसे आलात, ते मलाही आजपर्यंत ठाऊक नाही. ते तुमचं तुम्हाला.

पोरीचा हात मध्येच थांबला होता, आता परत चालतो आहे. माझ्याकडे बघत नाही, वहीकडेच बघते आहे. आता ती सांगाडा कापील की ठेवील, तिचं ती बघेल. मी पुन्हा सांगायची नाही.

हे पत्र टाकायचं नाही. टाकायचं कुठं? शिरूरचं कबरस्तान, भिंतीकडून तिसरी कबर, असा पत्ता पोस्टमनला दिला तर तो मलाच तिथं पोचवून येईल.

एकच राहिलं. तुमच्या मयताला मी आले होते. पेटी पुण्याहून तयार आणली होती, ती तुम्हाला मोठी झाली होती, उचलली की तुम्ही आत सरकायचात, आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" सगळी मंडळी माझ्याकडे वळली. मी उठून उभी राहिले, आबा. पदर सारखा केला, तोंड उघडलं, आणि प्यायला पाणी मागितलं.