बाथरूमचं सागवानी दार

३ जुलै
दार झालं. माहेरच्या जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या, काम सगळं माझ्या हातचं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पावसाळ्यात फुगलं ना, तर तुझी हत्यारं भंगारात अन् बाथरूमला फायबरचं दार." म्हटलं, चालेल! बावन्नाव्या वर्षी सुतारकाम शिकलेय, सुखासुखी सोडणार नाही.

४ जुलै
केडगावात रंगाच्या दुकानात. दुकानदार हसायलाच लागला. "ताई, बाथरूमला लाकूड लावतंय का कुणी आता? फायबरचं न्या अन् निवांत व्हा." निवांतच व्हायचं असतं तर आले असते का? लाकडात पाणी शिरू नये म्हणून वरून द्यायचे लेप: जवसाचं तेल, मेलामाईन, पीयू. तिन्हींचे लहान डबे घेतले.

९ जुलै
उरलेल्या फळीचे तीन तुकडे. एकेकाला एकेक लावून, वाळवून, आज पाण्याच्या बादलीत टाकले. सासूबाई डोकावल्या. "काय शिजवतीस गं ह्यात?" म्हटलं, तुमच्या लेकाचं तोंड बंद करायचं औषध. पदर तोंडाला लावून हसल्या.

१२ जुलै
मेलामाईन पांढरं पडलं. तेलाचा तुकडा दिसायला देखणा, पण पाणी प्यायलाय. पीयूचा नुसता पुसला, खाली लाकूड कोरडं. ठरलं. पातळ तीन हात, मधे पॉलिश पेपर. घाई नाही.

१७ जुलै
घाई झालीच. तिसरा हात काल दिला आणि आज वन्संचा फोन, संध्याकाळी मुक्कामाला येतोय. जुनं कुजलेलं दार कालच मोडीत दिलेलं, बिनदाराच्या बाथरूमचं काय सांगणार? दुपारीच बसवलं. फरशीला घासत होतं, खालून रंधा मारला. वन्संनी दारावरून हात फिरवला, "वहिनी, तू केलंस?" दिवसभराचा शीण गेला.

३० जुलै
दार अडकतंय. ह्यांनी मुद्दाम दोन-तीनदा उघडून लावून दाखवलं. "करू का फोन फायबरवाल्याला?" असं रडू आलं! पण बाथरूममधे जाऊन रडायचं तर तेच दार ओढावं लागलं असतं.
मग खाली बसून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरं लाकूड, ओलंचिंब. रंध्यानं पीयू निघालं आणि मी तसंच बसवलं. म्हणजे पीयू पास. नापास मी.

३१ जुलै
एकटीनं उतरवलं. पाठ गेली. दाराच्या जागी चादर. हे: "आता आंघोळ अशी करायची?" सासूबाई: "माझ्या सासरी तर चादर बी नव्हती." कड पुरती वाळल्याशिवाय पीयू लावणार नाही, मग कितीही दिवस लागोत.

२ ऑगस्ट
चादर वाऱ्यानं उडते, हे आतून ओरडतात, "धर गं कुणीतरी!" धरते. दार मात्र मागच्या खोलीत, पंख्याखाली, हत्यारंही तिथंच. कड अजून दमटच. फुगवटा उतरेल की नाही, देव जाणे. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. ह्यांनी फोन केलाच, उद्या फायबरवाला माप घ्यायला येणार म्हणे. येऊ दे. चहा देईन त्याला. मागच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे.