तुमच्या डिमरवर माझा हात

प्रिय अण्णा,

उद्या संध्याकाळी पोलादपूरला आपल्या मंडळाचं नाटक आहे आणि दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर मी बसणार आहे. तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलंच. सगळे जेवायला बाहेर गेलेत, मी हॉलमध्येच वही उघडून बसलेय. भीती वाटतेय हो, आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कोण आहे मला?

चूक माझीच. मंडळाने नवे एलईडी दिवे आणायचं ठरवलं. तापत नाहीत, वीज कमी खातात, जनरेटरवर ताण नाही. मीही मान डोलावली. तुमचे हॅलोजन उतरवले, एलईडी चढवले आणि जोडले थेट तुमच्या जुन्या डिमरला. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, डिमरवर वापरू नये. शाळेत मी पोरांवर ओरडते, प्रश्न दोनदा वाचा म्हणून! मी एकदाही वाचलं नाही.

काल तालमीत शेवटचा प्रवेश लागला. बापू त्यांच्या भूमिकेत स्टेजवरच्या तीन पायऱ्या उतरतात आणि उजेड हळूहळू कमी होतो, तोच. बापू आता सत्तरीचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. मी डिमरचा दांडा खाली आणू लागले. दिवे आधी फडफडले, आणि दांडा पाव उरलेला असतानाच एकदम काळोख. धप्प असा आवाज आला. मी किंचाळले, "विझला!"

तो शब्द, अण्णा! घरात काय, स्टेजवर काय, तुम्ही कधी उच्चारू दिला नाहीत. एमआयडीसीतली पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच तालमीला यायचात, आणि मला पहिलं हेच शिकवलंत, "माणूस स्टेजवर असताना दिवा निजवायचा. विझवायचा नाय." हॅलोजन तरी कसा निजायचा! पिवळा, मग तांबूस, मग नुसती तार लाल.

काळोखातून बापूंचा आवाज आला, "सुमे, तसं बोलू नको गो. मी हाय हितंच." गुडघा खरचटला होता, एवढंच.

थोडं रागावू का? मला इतकं निजव, निजव शिकवलंत, आणि तुम्ही स्वतः? चहाचा कप अर्धा ठेवून, एका क्षणात! कालच्या त्या काळोखात मला तुमची रिकामी खुर्चीच दिसली. प्रेक्षक समोर असताना एकदाही दांडा माझ्या हातात दिला नाहीत. का? विश्वास नव्हता?

आज सकाळी एलईडी साध्या बटणांवर घेतले. बाकीच्या प्रवेशांना ते चालतील. पायऱ्यांसाठी तुमचे दोन हॅलोजन पुन्हा चढवलेत, डिमरवर. चांगले असे तेवढेच उरलेत. महाडच्या दुकानदाराने हात वर केले, "ते बल्ब आता येत नायत, ताई." त्यातल्या एकाच्या काचेला घाईत माझं उघडं बोट लागलं. स्पिरिटने तीनदा पुसलंय. तरी बोटाचा तेलकटपणा राहून तापल्यावर बल्ब तडकला तर? दोन्ही गेले तर? एलईडीचं बटण हाताशी ठेवलंय, पण ते दाबायला हात वेळेवर जाईल का?

मघाशी बापूंना म्हटलं, "तो प्रवेश पूर्ण उजेडातच करू या. मला भीती वाटते."

बापू हसले. "अण्णा काय घाबरायचा नाय व्हय? दर खेपेला घाम फुटायचा त्याला. दांडा दोन्ही हातांनी धरायचा, कोणाला देयाचा नाय. म्हणून तर मी बिनघोर उतरायचो."

अण्णा, हे मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मला वाटत होतं, आपल्या घरात भित्री मी एकटीच!

उद्या मी घाबरणार आहे, ते काही टळत नाही. पण दिव्याकडे बघणार नाही, बापूंच्या पायांकडे बघेन. त्यांचा दुसरा पाय जमिनीला टेकल्याशिवाय दांडा तळाला नेणार नाही. नाटक कितीही रेंगाळलं, लोक कितीही चुळबुळले, तरी नाही.

तुमची लेक, तुमच्याइतकीच भित्री,
सुमी