दुसऱ्या खेपेची कोळंबी

२ जुलै, पेण
लिहायचं टाळत होतो. वही उघडली की मेलेल्या कोळंबीचं लिहावं लागणार, म्हणून रामवाडीभर उगाच हिंडलो. लिहितो आता. सगळ्या मेल्या. ताईच्या घरातली माझी खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात मासे मजेत आणि कोळंबी का मरते? डोकं चालेना.
ताई : "अरे, कोळंबी कालवणात टाकतात, पाळत नाय कोण."
दाजींनी निकालच दिला : "आता आणखी एक मेली तर टाकी जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यात. माती भिजवायला."
बघूच.

५ जुलै
मुंबईला गेलो, दुकानात. दुकानदार म्हणाला, "मासे जगतात, कोळंबी मरते? टाकीत तांबं गेलंय." मी म्हटलं, मी काय टाकीत हंडे घासतो? तो माझ्या नखांकडे बघत राहिला. नखांत सोनेरी भुकटी. जोह्याला गणपतींचे मुकुट रंगवतो, त्याची.
"ह्यात तांबं असतं. मासे थोडं सोसतात. कोळंबीला विष."
आणि तेच हात मी रोज टाकीत...

६ जुलै
सगळं पाणी काढलं, काच धुतली, पुड्यांतलं मीठ कालवून नवं खारं पाणी मुरत ठेवलंय. मासे बादलीत. ताईची बादली. बोंब चालू.

९ जुलै
कारखान्याच्या शेठचा फोन. म्हटलं, माती मळतो, मूर्तींचं घासकाम करतो, सोनेरीला हात लावणार नाय.
"मग येऊच नको."
नाय येत!
संध्याकाळी रोह्याहून बाबांचा फोन : "भाताच्या लावणीला येतोस, का त्या किड्यांना वारा घालत बसतोस?" म्हटलं, बसतो. त्यांनी फोन आपटला. टाकी घेतली तेव्हापासून ह्या घराची पायरी चढले नाहीत ते. न चढोत. जेवलो मात्र दाबून.

१४ जुलै
पाण्यात तांबं नाही, तपासलं. मासे परत टाकीत. मुंबईहून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन कोळंब्या आणल्या. येताना गाडी जित्याच्या स्टेशनात थांबली, फलाटावर दोस्त : "उतर रं, चिंबोऱ्या पकडायला जाऊ!" नाय उतरलो. मी!
पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली. मग कोळंबी डब्यात, आणि टाकीचं पाणी थेंब थेंब डब्यात. एकदम खारटपणा बदलला की मरतात. त्यासाठी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली. मेडिकलवाला विचारतो, "पेशंट कोण?" म्हटलं, कोळंबी. दाजी येऊन बघून गेले. "आयसीयू काय रे?" हसा. दिवा बंद केलाय, हात कोपरापर्यंत घासलेत, डब्यापासून हलणार नाय.

तोच दिवस, थोड्या वेळाने
मिशा हलतायत दोघींच्या. टाकीत अजून सोडल्या नाहीत.
दारातून ताई ओरडली, "अरे, बाबा आले!" भर लावणी सोडून. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर कॅन.
"खाडीचं आणलंय, भरतीचं. तुझ्या त्या मिठाच्या पुड्यांपेक्षा खरं. ओत."
पावसातलं खाडीचं पाणी, अर्धं गोडंच. गेलं आत की दोघी संपल्या. नाही म्हटलं तर बाबा त्याच पावली...
पाय धुतायत बाहेर. कॅन डब्याला टेकून ठेवलाय. मी मधे उभा आहे, उभ्यानेच लिहितोय. ताई म्हणते, "त्यांना काय ते तूच सांग, मी नाय सांगणार." नळ बंद झाला.